रोजच्या कामात प्रभूचे शिक्षण आणि आनंद: खानदेशातील ख्रिस्ती घरांसाठी एक पद्धत

रविवारची उपासना आटोपून मंडळी घरी परतते आणि सोमवारी पहाटेपासून चूल, गुरे, शेत, दुकान, शाळा आणि एसटी यांचा रगाडा पुन्हा सुरू होतो. रविवार देवाचा आणि उरलेले सहा दिवस संसाराचे, अशी वाटणी आपल्या पुष्कळ घरांत कुणी न ठरवताच होऊन बसली आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत, शहरांतल्या जुन्या मंडळ्यांपासून नवापूर-चिंचपाड्याकडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत, आपल्या लोकांचा बहुतेक वेळ हाताच्या कामातच जातो. त्या वेळात देवाची ओळख वाढत नसेल, तर आठवड्यातल्या दीड-दोन तासांच्या उपासनेवर विश्वासाचे जगणे तोलून धरणे अवघड आहे.

प्रभू येशूच्या आयुष्यात ही वाटणी दिसत नाही. मार्क 6:3 मध्ये गावकरी त्याला सुतार म्हणूनच ओळखतात, आणि लूक 3:23 सांगते की त्याने सेवाकार्य सुरू केले तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता. म्हणजे पृथ्वीवरील त्याच्या आयुष्याचा मोठा भाग नासरेथात, घरात आणि कामातच गेला. पुढे लोकांना देवाच्या राज्याविषयी सांगताना त्याच्या तोंडी पीठ, खमीर, मीठ, दिवा, बियाणे, मासळीचे जाळे आणि जुन्या वस्त्राला लावायचे ठिगळ हेच आले. त्यामुळे रोजच्या कामात आध्यात्मिक अर्थ नव्याने भरण्याची जबाबदारी आपल्यावर नाही. प्रभूने जे आधीच दाखवून ठेवले आहे, ते पाहण्याची सवय तेवढी लावून घ्यायची आहे.

येथे दिलेली पद्धत थोडक्यात अशी: एक काम, त्या कामाचे एक वचन आणि त्यातून निघणारी एक कृती. ती निदान महिनाभर तशीच चालवावी.

पहिली पायरी: एकच काम निवडावे

काम रोजचे असावे, हातांचे असावे आणि दहा ते वीस मिनिटे चालणारे असावे. भाकरी थापणे, अंगण झाडणे, नळाचे पाणी भरून ठेवणे, गाईम्हशींची धार काढणे, ठिबकच्या नळ्या तपासणे, दुकानाचे शटर उघडून माल मांडणे, मुलांचे डबे भरणे, यांपैकी कोणतेही चालेल. ज्यात सतत बोलावे लागते किंवा मोबाईल हाती धरावा लागतो, असे काम पहिल्यांदा घेऊ नये. फार आवडते काम आणि अगदी नकोसे काम हीदेखील दोन्ही टाळावीत, असे माझे मत आहे. कारण आवडत्या कामातला आनंद कामाचा की प्रभूचा हे कळत नाही, आणि नकोशा कामात सारे लक्ष चिडचिडीकडेच जाते. जे काम आपण विचार न करता उरकतो, ते सर्वांत योग्य.

दिवसभर देवाचे स्मरण ठेवीन, असा मोठा निश्चय आरंभीच करू नये. सतराव्या शतकात पॅरिसमधील एका कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू स्वयंपाकघरात राबत असे आणि उतारवयात इतर बंधूंच्या चपला दुरुस्त करीत असे. भांडी-कढयांच्या गोंगाटात देवाशी संवाद राखण्यासाठी आजही सारे ख्रिस्ती जग त्याची आठवण काढते. पण सुरुवातीची कित्येक वर्षे आपल्याला फार कष्टाची गेली, हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. मन भरकटले तर त्याला रागावत बसण्याऐवजी तो शांतपणे पुन्हा देवाकडे वळत असे, आणि आपल्यालाही तेवढेच करायचे आहे.

दुसरी पायरी: त्याच कामाचे वचन शोधावे

येथे बहुतेकांची गडबड होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे एखादे आवडते वचन घेऊन ते कुठल्याही कामाला जोडले जाते. त्याऐवजी पवित्र शास्त्रात तेच काम, किंवा त्याच्या अगदी जवळचे काम, कुणीतरी करीत असलेला उतारा घ्यावा. अशा उताऱ्यात माणसे असतात, घाम असतो, अडचण असते, आणि म्हणून तो आपल्या ओट्यावर आणि बांधावर सहज येऊन बसतो.

पीठ मळणाऱ्या बाईसाठी मत्तय 13:33 आहे. तिथे एक स्त्री तीन मापे पिठात खमीर मिसळते. घरातले पीठ आणि तेल संपत आले असेल, तर 1 राजे 17 मधली सारफथची विधवा वाचावी. झाडलोट करणाऱ्यासाठी लूक 15:8 मधली स्त्री आहे. तिच्या दहा नाण्यांपैकी एक हरवते, तेव्हा ती दिवा लावून सारे घर झाडून काढते. पाणी भरणाऱ्यांसाठी योहान 4 आहे, आणि उन्हाळ्यात जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते तिथे भर दुपारी विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची दमछाक वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. फाटके कपडे शिवणाऱ्यासाठी मार्क 2:21, पेरणी करणाऱ्यासाठी मार्क 4:26 ते 29, आजाऱ्याचे किंवा म्हाताऱ्या आईवडिलांचे पाय धुणाऱ्यासाठी योहान 13, आणि कुटुंबासाठी सकाळी न्याहारी करणाऱ्यासाठी योहान 21. या शेवटच्या उताऱ्यात पुनरुत्थित प्रभू काठावर कोळशाचा विस्तव करून, मासे आणि भाकर तयार ठेवून, रात्रभर राबलेल्या शिष्यांना जेवायला बोलावतो. ज्या प्रभूने मरणावर विजय मिळवला तोच आपल्या लोकांसाठी चुलीपाशी बसतो, हे मला सगळ्या शुभवर्तमानातले एक अतिशय प्रिय दृश्य वाटते.

सुरत-भुसावळ मार्गावर रोज गाडीने नोकरीला जाणाऱ्यांनी, किंवा एसटीने तालुक्याला जाणाऱ्यांनी, लूक 24 मधला अम्माऊसचा रस्ता घ्यावा, जिथे पुनरुत्थित प्रभू वाटेने चालणाऱ्या दोन शिष्यांबरोबर बोलत चालतो.

वचन निवडल्यावर त्याच्या आगेमागचा सगळा उतारा एकदा सावकाश वाचावा, एकच ओळ तोडून घेऊ नये. वाचता येत नसेल त्यांनी घरातल्या मुलाकडून वाचून घ्यावा किंवा मोबाईलवर ऐकावा. मग वचनाचा संदर्भ लहान कागदावर लिहून, काम जिथे होते तिथेच लावावा: पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीपाशी, दुकानाच्या गल्ल्याजवळ. उतारा आठवडाभर बदलू नये.

तिसरी पायरी: काम करताना काम पाहावे

हात चालू असताना मन दुसरीकडे असते, ही नेहमीची गोष्ट. या पायरीवर मनाला हाताजवळ आणायचे आहे. उदाहरण म्हणून आपल्या घरातली कळण्याची भाकरी घेऊ, कारण तिच्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

ज्वारीत सालासकट उडीद मिसळून कळणा दळून आणतात. कुणी दळतानाच खडे मीठ टाकतात. गव्हाच्या कणकेला असतो तसा ताण ज्वारीला नसतो, म्हणून कोमट पाणी घालून तळहाताच्या टाचेने पीठ रेटून रेटून मळावे लागते, आणि मळण्यात हयगय झाली तर थापताना भाकरीच्या कडा लगेच फाटतात. उडदामुळे थोडी चिकटाई येते एवढेच. पीठ जुने झाले तरी भाकरी धड थापली जात नाही. त्यामुळे जाणत्या बाया एका वेळी फार दळून ठेवीत नाहीत, आणि एकेका भाकरीपुरता गोळा त्या-त्या वेळी मळून घेतात. भाकरी तव्यावर पडल्यावर वरून पाण्याचा हात फिरतो, पाणी सुकू लागताच ती उलटायची असते, आणि क्षणभर उशीर झाला तर पापुद्रा सुटत नाही.

हे सारे पाहता पाहता निर्गम 16 आठवावा. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, रोज सकाळी, त्या दिवसापुरता गोळा करायचा होता. ज्यांनी आज्ञा मोडून सकाळपर्यंत ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, तीही आजच्यापुरती. ज्या बाईचे हात वर्षानुवर्षे एकेका जेवणापुरतेच पीठ मळत आले आहेत, तिच्या हातांना ही प्रार्थना आधीपासून ठाऊक आहे. मनाला मात्र पुढच्या हंगामाची, मुलीच्या लग्नाची आणि सोसायटीच्या कर्जाची काळजी आज एकदमच मळून टाकायची असते. भाकरी थापताना त्या काळज्या एकेक करून देवबापासमोर ठेवाव्यात आणि त्यांतली आजच्या दिवसाची कोणती, एवढे त्याला विचारावे. हा विचार पोट भरलेल्यांनी पोट रिकामे असलेल्यांना ऐकवण्यासाठी नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या घरात उद्याचे पीठ खरोखर नसते, तिथे ही प्रार्थना अक्षरशः भाकरीसाठी असते, आणि ती ऐकणाऱ्या शेजाऱ्याच्या घरी पीठ असेल तर उत्तराचा काही भाग त्याच्याकडेच ठेवलेला असतो.

काम पाहताना मनाशी काही प्रश्न ठेवले तर मदत होते. या कामात मी न निर्मिलेले असे मला काय मिळाले आहे? हे काम कोणासाठी चालले आहे? आणि ते करताना माझ्या मनातले काय वर येते: घाई, कुरकूर, तुलना की समाधान? रोज एकच प्रश्न पुरे आहे.

चौथी पायरी: धडा ओढून-ताणून काढू नये

या मार्गावर चालणाऱ्या उत्साही माणसांसाठी ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक वस्तूत प्रतीक शोधण्याची सवय लागली की काम बाजूला राहते, वचनही बाजूला राहते, आणि आपल्याच कल्पना आपण देवाच्या नावावर खपवू लागतो. उपयोगी कसोटी अशी की, काढलेला धडा त्या उताऱ्यात खरोखर आहे का आणि कामाबद्दलची गोष्ट खरी आहे का, हे दोन्ही तपासावे.

रावेर-यावलच्या पट्ट्यातला केळीचा शेतकरी योहान 15 वाचतो असे समजू. शास्त्रात केळी नाही, द्राक्षवेल आहे. पण पिता माळी आहे आणि फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावे म्हणून तो साफ करतो, हे त्या उताऱ्यात स्पष्ट आहे. केळीच्या बागेतही घड निसवेपर्यंत बुंध्याजवळ उगवणारी जादा पिले थोड्या थोड्या दिवसांनी कापावी लागतात, कारण ती मुख्य झाडाचे अन्न आणि पाणी वाटून घेतात. कापली जाणारी पिले रोगट नसतात, चांगली हिरवीगार असतात. तेव्हा तो शेतकरी विळा चालवताना स्वतःला विचारू शकतो की, माझ्या आयुष्यात वाईट नसलेले, पण फळाचे बळ ओढून घेणारे काय वाढले आहे? कदाचित रोजचे पारावरचे राजकारण असेल, कदाचित मंडळीतलीच चार पदे असतील. इथे काम आणि वचन दोन्ही आपापल्या जागी खरे राहतात. याउलट केळीच्या एका फणीत किती केळी आहेत यावरून शास्त्रातल्या आकड्यांचा मेळ घालत बसणे, किंवा शेजाऱ्याची बाग वादळात आडवी झाली म्हणून त्याच्या पापाचा हिशेब मांडणे, यापासून दूर राहावे. दुसऱ्याच्या नुकसानीतून देवाचा न्याय वाचू पाहणाऱ्यांना प्रभूने लूक 13:4 मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्यांचे उदाहरण देऊन, ते इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते असे सांगून, थांबवले आहे.

एखाद्या दिवशी काहीच सुचले नाही, तर काम नीट करावे आणि उपकार मानावेत. तेवढे पुरेसे आहे.

पाचवी पायरी: धड्याची कृती व्हावी

मनाला बरे वाटून संपलेला विचार आठवड्यात विरून जातो. त्याचे काहीतरी करावे लागते. कापसाची वेचणी हे आपल्याकडचे उत्तम उदाहरण आहे. दसऱ्याच्या सुमारास बोंडे फुटू लागतात आणि पुढे थंडीभर बाया कमरेला ओटी बांधून, वाकून कापूस वेचतात. बोंडांची टोके वाळून कडक झालेली असतात आणि बोटे ओरबाडतात. पालापाचोळा चिकटू न देता, कवडी (किडका, डागाळलेला) कापूस वेगळा ठेवून वेचायचे असते. मजुरी बहुधा किलोवर असते, म्हणून संध्याकाळी शेतातल्या काट्यापाशी सगळ्यांचे डोळे लागलेले असतात.

या कामासाठी रूथ 2 वाचावा. शेताचा मालक बवाज शेतावर येतो तेव्हा आधी कापणी करणाऱ्यांना परमेश्वराच्या नावाने अभिवादन करतो, आणि मजूरही त्याला तसेच उत्तर देतात. पुढे परक्या देशातून आलेल्या विधवेला, म्हणजे रूथला, सरवा (कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे) वेचताना कुणी लाजवू नये, उलट पेंढ्यांतली काही कणसे तिच्यासाठी मुद्दाम सोडावीत, अशी ताकीद तो देतो. त्यासोबत लेवीय 19:13 आणि अनुवाद 24:15 वाचावे: मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नये, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी.

आता ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरात या धड्याची कृती काय, हे फार शोधावे लागत नाही. काटा सर्वांसमोर धरावा, वजन मोठ्याने सांगावे, मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी. व्यापाऱ्याकडून पैसे आले नाहीत म्हणून बायांना पुढच्या बाजारापर्यंत थांबवणे टाळावे, आणि ते शक्यच नसेल तर सकाळी काम सुरू होण्याआधीच तसे सांगावे. जी स्वतः वेचायला जाते, तिच्यासाठी कृती वेगळी असेल: सोबतच्या म्हाताऱ्या बाईची ओटी हलकी राहिली तर तिच्या ओळीत थोडे वेचून देणे. हे लहान वाटेल, पण सरवा सोडण्याचा नियमही असाच लहान होता आणि त्यावर एका घराण्याचे भवितव्य उभे राहिले. रूथ ही दावीदाची पणजी, आणि मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत तिचे नाव घेतले आहे.

सहावी पायरी: आनंद कसा ओळखावा

या पद्धतीने काम सुरू केले की आनंद लगेच मिळेल, असे आश्वासन देता येत नाही. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला प्रभूमध्ये सर्वदा आनंद करण्यास लिहिले तेव्हा तो स्वतः बंधनात होता. म्हणजे हा आनंद परिस्थिती चांगली असण्यावर टेकलेला नाही. पण परिस्थिती वाईट नाही असे भासवण्याची सक्तीही त्यात नाही. हबक्कूक संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायातले वचन, म्हणजे अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलींना फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, हे आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा वाचले जाते. ते वाचताना त्याच संदेष्ट्याने पहिल्या अध्यायाच्या आरंभीच, हे परमेश्वरा, मी कोठवर ओरडू, असा टाहो फोडला आहे, हे विसरू नये. गारपिटीने बाग गेली, बोंडअळीने कपाशी खाल्ली, घरातले माणूस गेले, तर त्या आठवड्यात धडा शोधू नये. काम करता करता रडावे, स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रे वाचावीत, आणि मंडळीतल्या कुणाला तरी जवळ बसवून घ्यावे.

एरवी आनंदाला वाट करून देण्याचे दोन मार्ग मला अनुभवाने भरवशाचे वाटतात. पहिला गाण्याचा. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांची अनेक भजने अभंगाच्या चालीची असल्यामुळे हाताच्या लयीत सहज बसतात. काम सुरू करताना एखादे कडवे गुणगुणावे. दुसरा मार्ग सोबतीचा. लूक 15 मध्ये मेंढरू सापडलेला मेंढपाळ, नाणे सापडलेली स्त्री आणि मुलगा परत मिळालेला बाप, या तिघांनाही एकट्याने आनंद पुरत नाही. ते शेजारीपाजारी आणि घरची माणसे गोळा करतात. आपल्याकडे उन्हाळ्यात बिबडे आणि पापड घालण्याचे दिवस असेच असतात. ऊन चढायच्या आत ज्वारीचा घाटा हाटून होतो, ओल्या कापडावर बिबडे थापले जातात, मुले वाटीत गरम घाटा घेऊन त्यावर तेल ओतून खातात, आणि गल्लीतल्या बाया धर्म-जात न पाहता एकमेकींच्या घरी हात लावायला जातात. अशा दिवशी वेगळे काही बोलण्याची गरज नाही. मनातल्या मनात एकेका शेजारणीचे नाव घेऊन तिच्यासाठी देवाचे आभार मानावेत. ज्या घरात आजारपण आहे तिथे आपले बिबडे घालण्याआधी त्यांचे घालून द्यावेत.

सातवी पायरी: रात्री दहा मिनिटे

सोळाव्या शतकातील इग्नेशियस लोयोला याने दिवसाच्या अवलोकनाची जी रीत घालून दिली, ती कॅथलिक असो वा प्रॉटेस्टंट, कुणालाही वापरता येण्यासारखी आहे. अंथरुणावर पडण्याआधी प्रथम उपकार मानावेत, मग पवित्र आत्म्याचा प्रकाश मागावा, निवडलेले काम आज कसे झाले ते सुरुवातीपासून आठवावे, जिथे चुकले तिथे क्षमा मागावी आणि उद्याच्या त्याच कामासाठी साहाय्य मागावे. जमल्यास वहीत एक ओळ लिहावी. पानभर लिहिण्याचा आग्रह धरला तर बहुधा दुसऱ्या आठवड्यात वही बंद पडते.

आठवी पायरी: घर आणि मंडळी

महिना झाल्यावर हे घरात उघड करावे. अनुवाद 6:7 मध्ये आईबापांना घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजता आणि उठता वचनाविषयी बोलण्यास सांगितले आहे. त्यात वेगळ्या वर्गाची अट नाही. मुलाला पाण्याची मोटार सुरू करायला नेताना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगावी, आणि गोष्ट संपली की थांबावे. मुलांना तात्पर्य विचारण्याची घाई करू नये. ती पुढे कधीतरी आपणहून प्रश्न घेऊन येतात.

भाषेचाही विचार करावा. उपासनेतली प्रार्थना प्रमाण मराठीत होते, ते योग्यच आहे. परंतु चुलीपाशी आणि बांधावर ज्याची त्याची बोली असू द्यावी. अहिराणी बोलणाऱ्या आजीने ‘देवबाप, तुना उपकार’ म्हटले, किंवा पाड्यावरच्या आईने मावची, पावरी अथवा भिली बोलीत आभार मानले, तर नातवंडांना कळते की देव आपल्याच घरात बोलणारा आहे.

मंडळीत याची सुरुवात घरगुती प्रार्थनासभेपासून करावी. पाळकांना विचारून, साक्षीच्या वेळी दोघा-तिघांना फक्त आपले काम, वचन आणि केलेली कृती एवढेच सांगू द्यावे. शेतमजूर, रिक्षाचालक, परिचारिका, घर सांभाळणाऱ्या गृहिणी यांना आधी बोलावावे. भाषणाची सवय असलेल्यांना नंतर. हंगामाच्या सणाला धान्य, केळीचे घड आणि कापूस वेदीपाशी आणले जातात, तेव्हा ज्याने जे आणले त्या पिकामागचे एक काम आणि एक वचन त्याने तिथेच सांगावे, अशी पद्धत पाडता येईल. त्यानंतर प्रत्येकाने पुढच्या महिन्यासाठी दुसरे काम निवडावे, आणि जुन्या कामाचा कागद डब्याच्या झाकणावर तसाच राहू द्यावा.